पेडिअॅट्रिक अॅनेस्थेशिया: फेलोशिप करू की डीएम? आणि मुंबईत फक्त लहान मुलांचं काम मिळतं का?

नमस्कार मंडळी, इथे कुणी भूलतज्ज्ञ किंवा मुलांचे सर्जन असतील तर प्लीज थोडा वेळ काढून सांगा. मी मुंबईतच एमडी अॅनेस्थेशियाच्या शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षा झाली की बॉण्डचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) एक वर्ष, आणि त्यापुढचं आत्ताच ठरवायला हवं कारण शिफारसपत्रं वगैरे ऐनवेळी मिळत नाहीत.

मला लहान मुलांचंच करायचंय, हे पक्कं आहे. तान्ह्या बाळाला वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या साधारण दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसातला साठा लगेच संपतो, म्हणजे श्वासाची ट्यूब टाकायला जरा उशीर झाला की सॅच्युरेशन धाडकन खाली. आमच्या मॅडम अशा वेळी आवाजही न चढवता काम करतात, ते बघून ठरवलं की मला हे नीट शिकायचंय, आणि रेसिडेन्सीतल्या पोस्टिंगवर ते येत नाही.

डीएम म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी, ती केली तर तीन वर्षं, त्यासाठी नीट एसएस किंवा आयएनआय एसएस ही प्रवेश परीक्षा. फेलोशिप एका वर्षात होते, पण तिला डीएमसारखा पदवीचा दर्जा नाही. घरी बाबा रिटायर झालेत, ठाण्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे अजून तीन वर्षं स्टायपेंडवर काढायची म्हणजे खरंच विचार करावा लागतो. परळचं वाडिया किंवा हाजीअलीचं एसआरसीसी अशा मुलांच्या हॉस्पिटलात काम केलेलं कुणी आहे का? शिकणाऱ्याला निओनेट (नवजात बाळं) स्वतःच्या हाताने करायला मिळतात की नुसते चार्ट भरायचे?

बाहेरचंही बघितलं. अमेरिकेत फेलोशिप एकच वर्षाची आहे आणि अलीकडे तिथे बऱ्याच जागा रिकाम्या राहतात, कारण रेसिडेन्सी संपली की फेलोशिप न करताच चांगल्या पगाराची नोकरी मिळते. पण म्हणून आपल्याला दार उघडं आहे असं नाही, तिथलं बोर्ड सर्टिफिकेट हवं तर साधारणपणे रेसिडेन्सीही तिथलीच लागते. यूकेत एमटीआयवर (परदेशी डॉक्टरांसाठीची प्रशिक्षण योजना) जास्तीत जास्त दोन वर्षं राहता येतं, नंतर परत यायचं. मला यायचंच आहे, फक्त आल्यावर इथे काम असेल ना?

प्रतिसाद:
ताई, मी बरीच वर्षं मुंबईत हेच करतोय. सुरुवातीला नुसत्या मुलांच्या केसेसवर घर चालत नाही, मोठ्यांचं फ्रीलान्सिंग सोबत ठेवावंच लागतं, त्यात कमीपणा मानू नका. मुलांचं काम फक्त पेडिअॅट्रिक सर्जनकडून येतं असंही नाही. ईएनटीवाल्यांचे टॉन्सिल आणि कॉक्लियर इम्प्लांट, मुलांच्या डेंटिस्टकडच्या जीएच्या (पूर्ण भुलीच्या) केसेस, एमआरआयसाठी गुंगी देणं, यातून हळूहळू नाव होतं. शिकवायची आवड असेल, मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये राहायचं असेल तर डीएम करा. प्रॅक्टिसच करायची असेल तर एक वर्षाची चांगली फेलोशिप पुरते, पण हॉस्पिटलचं नाव बघून फॉर्म भरू नका, तिथल्या सध्याच्या फेलोला गाठा आणि रात्रीची इमर्जन्सी कोण करतं ते विचारा. रात्री टीईएफचं (अन्ननलिका आणि श्वासनलिका जन्मतः जोडलेली) बाळ आलं आणि फेलोला बाजूला उभं केलं, तर ते वर्ष वाया. आणि ज्या नर्सिंग होममध्ये बाळाच्या मापाचं सर्किट (भुलीच्या मशीनच्या श्वासाच्या नळ्या) नाही, ऑपरेशननंतर ठेवायला पीआयसीयू (मुलांचा आयसीयू) नाही, तिथे छोटं बाळ घेऊ नका, सर्जन कितीही ओळखीचा असो. एकदोन कामं जातील, जाऊ देत.

धागाकर्ती:
सर, खूप खूप आभार, रात्रीच्या केसेसचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग बॉण्डचं वर्ष जिथे पेडिअॅट्रिक सर्जरी आहे अशाच ठिकाणी मिळवायचा प्रयत्न करते. अजून एक विचारू का, त्या वर्षातल्या केसेसचं लॉगबुक इंटरव्ह्यूला खरंच बघतात का? आणि त्यात वय-वजनासोबत ट्यूब, ब्लॉक (ठरावीक भागाची भूल) हे सगळं लिहायचं की नुसती यादी चालते?