सासिमाचा बिशप

बिशप होता म्हणजे गाव मोठंच असणार, असं वाटतं ना? तसं नाही हो. कप्पाडोकिया या रोमन प्रांतातलं सासिमा बघा (आजच्या तुर्कस्तानात, निग्देजवळ). रोमन हमरस्त्यावरचा घोडे बदलायचा टप्पा, बास! सम्राट व्हॅलेन्सने 372च्या सुमारास प्रांताचे दोन तुकडे केले. त्याबरोबर नव्या तुकड्यातल्या तियाना शहराचा बिशप अँथिमस, सिझेरियाचा मुख्य बिशप बेसिल याला न जुमानता, वेगळा सवतासुभा मांडून बसला. आपल्या बाजूच्या बिशपांचं संख्याबळ वाढावं म्हणून बेसिलने जिवलग मित्र, नाझियान्झसच्या ग्रेगरीलाच सासिमाचा बिशप करून टाकलं. ग्रेगरीने पुढे आत्मचरित्रपर कवितेत गावाचे वाभाडेच काढलेत: पाणी नाही, गवताची काडी नाही, नुसता धुरळा, गाड्यांचा खडखडाट आणि करवसुलीवाले. गडी तिथे टिकलाच नाही. मैत्रीत मात्र कायमची अढी बसली.