प्रतिसाद: कोल्हापूर वाढलं कशामुळं?

वर कुणीतरी लिहिलंय की कोल्हापूर अंबाबाई आणि चपलांवरच वाढलं. देवीचं खरंच आहे, पण गूळ विसरून कसं चालेल? मिरजेहून रेल्वे आली १८९१ ला आणि १८९५ ला शाहू महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसवली, म्हणजे जुन्या पेठांच्या बाहेर शहर सरकलं ते व्यापारासाठी. आमचे आजोबा पंचगंगाकाठच्या गुऱ्हाळातनं बैलगाडीत गुळाचे रवे (ढेपा) भरून रात्रीच निघायचे, पहाटे अडत्याच्या दारात गाडी लावायची आणि सौदा होईपर्यंत तिथंच घोंगडं टाकून पडायचं. आता सौदे मार्केट यार्डात होतात, पण शाहूपुरीतनं जाताना मला अजून तेच आठवतं. शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्र्यांवर तर वेगळं लिहायला पाहिजे.