शाल-श्रीफळानं समाधान मिळतं का?

परीक्षा विभाग, 24 वर्षे: काल इथं व्यवस्थापन शिकवणाऱ्या सरांनी लिहिलं, "विद्यापीठातले कर्मचारी पगारामुळे नाही, कदर होत नाही म्हणून नाराज असतात. उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कार वाढवा." सर, तो पुरस्कार मला मिळालाय. टाळ्या वाजल्या तेव्हा डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण सोमवारी टेबलावर तेच गठ्ठे आणि शेजारच्या दोन रिकाम्या खुर्च्यांचं कामही माझ्याच गळ्यात. 20 वर्षांनंतर बढतीऐवजी वरची वेतनश्रेणी मिळते, त्या लाभाची फाईल अजून फिरतेय. फेब्रुवारी 2023 मध्ये आम्ही संपावर गेलो ते हा लाभ देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेसाठी, शालीसाठी नाही.

व्यवस्थापनवाले सर: अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गनं 1959 मध्येच मांडलंय: पगार आणि नियम धड नसले की माणूस नाराज होतो; पण ते धड केले म्हणून समाधान येतंच असं नाही. ते कामातून, कौतुकातून येतं. डोळ्यात पाणी आलं, हे तुम्हीच सांगितलंत.

परभणीकर 2006: कौतुकाचं राहू द्या, पेन्शनचं बोला. 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्यांना जुनी पेन्शन बंद झाली आणि मी त्यानंतर रुजू झालो, एवढाच माझा गुन्हा. पेन्शनच्या फंडात पगाराचे माझे 10 टक्के, सरकारचे 14, आणि म्हातारपणी हातात काय पडेल ते बाजार ठरवणार. त्याच खोलीत, त्याच कामावर बसणाऱ्या भाऊंना निम्मा पगार पेन्शन!

परीक्षा विभाग, 24 वर्षे: माझ्या पेन्शनवर डोळा ठेवू नको. जुनी पेन्शन संपाच्या मागण्यांत होती की. तेव्हा तू कुठं होतास?

परभणीकर 2006: घरी आई आजारी होती. माहिती नसताना बोलू नका, भाऊ.

परीक्षा विभाग, 24 वर्षे: ते माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. पेन्शनचं तुझं म्हणणं खरंय.

तासिकावाली: तुमची भांडणं कायम नोकरीतली. मी प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, सेट, पास; 9 वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे. मानधन सत्र संपल्यावर कधीतरी एकदम येतं, उन्हाळ्यात काहीच नाही. गेल्या वर्षी दिवाळीला भावाकडून उसने घेतले. सर, माझ्या वर्गातली पोरं "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्हीच आहात ना?" विचारतात. याहून मोठं कौतुक नाही. पण त्यांना हो म्हणता येत नाही.

व्यवस्थापनवाले सर: ताई, तुमच्या बाबतीत माझं म्हणणं लागू पडत नाही, मान्य. कायम कर्मचाऱ्यांबद्दल मात्र मी ठाम आहे.

परीक्षा विभाग, 24 वर्षे: मग आधी रिकाम्या खुर्च्या भरा, सर. पुरस्कार कोणाला द्यायचा ते नंतर बघू.