मदत हवी आहे: युरेनसचे चंद्र आणि शेक्सपिअर

लेकीला शाळेत सूर्यमालेचा तक्ता करायचा आहे, आणि अर्थातच कार्डशीट, स्केचपेन घेऊन मीच बसलेय. गुरूच्या आयो, युरोपापर्यंत सगळं ग्रीक पुराणातलं, ठीक चाललं होतं. युरेनसपाशी गाडी अडली. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शलला १७८७ मध्ये दिसलेले टायटानिया नि ओबेरॉन हे शेक्सपिअरच्या नाटकातले परीराणी आणि परीराजा. नावं सुचवली हर्शलच्या मुलानं, जॉननं, तीही १८५२ मध्ये. मिरांडा हा चंद्रही शेक्सपिअरच्याच 'टेम्पेस्ट' नाटकातला. पण अंब्रिएल अलेक्झांडर पोपच्या कवितेतला! एरियल तर दोघांकडेही आहे. मग त्याच्यापुढे कुणाचं नाव लिहू? जॉनच्या मनात कोणता एरियल होता, हे कुणी नक्की सांगू शकेल का?

दुसरं म्हणजे ग्रहाचंच नाव. आमच्या पंचांगात 'हर्षल', लेकीच्या पुस्तकात 'युरेनस', सासरे म्हणतात 'प्रजापती'. (हर्शलला स्वतःला तिसऱ्या जॉर्ज राजाचं नाव द्यायचं होतं, ते टिकलं नाही, सुटलो!) तक्त्यावर तिन्ही नावं मावत नाहीत. शाळेत शिकवणाऱ्या कुणी सांगाल का, मराठी माध्यमात सध्या कोणतं चालतं? तक्ता सोमवारी द्यायचाय.