मुलीच्या फॉर्मात ‘मातृभाषा’ काय लिहू?

लालबागची_नात:
मुलीच्या शाळेचा फॉर्म तीन दिवस पडून आहे. नाव, रक्तगट सगळं झालं, ‘मातृभाषा’पाशी पेन अडलंय. नवरा म्हणतो, मराठी लिही आणि जेवायला वाढ.

आजी मालवणहून लालबागच्या चाळीत आली आणि मरेपर्यंत मालवणीच बोलली. आईला शाळेत ‘खंय चललंस’वरून हसायचे, म्हणून तिने आमच्याशी हट्टाने पुस्तकी मराठी धरली. मला मालवणी कळते, पण बोलायला गेले की आत्या तोंडाला पदर लावते. लेक बाहुलीला इंग्रजीतून रागावते.

हे डोक्यात घोळतंय ते ब्रसेल्समुळे. कंपनीने दोन वर्षं पाठवलं होतं. तिथल्या एका सहकारी बाईचे आईवडील किन्शासाचे, म्हणजे आफ्रिकेतल्या काँगोच्या राजधानीचे. ती मला मातोंगेत घेऊन गेली. त्या भागाला नावच किन्शासातल्या वस्तीचं. वेण्या घालणारी दुकानं, सुकी मासळी... वास आला आणि आजीचा सुकटीचा डबा आठवला. मासळीवाली लिंगालात, म्हणजे तिकडच्या भाषेत बोलली, हिने फ्रेंचमधून उत्तर दिलं. मासळीवाली हसली, अगदी आत्यासारखी!

तिचे आईवडील आपसात लिंगाला बोलायचे, मुलांशी फ्रेंच. तिचा मुलगा डच शाळेत, कारण ब्रसेल्समध्ये दोन्ही भाषा आल्या तर नोकरीला बरं. तीन पिढ्या, तीन भाषा. आमच्याच घरासारखं की. तुम्ही काय लिहिलंत?

भांडुपकर:
मराठी लिहा, मोकळ्या व्हा. मालवणी म्हणजे मराठीच. आणि फॉर्म वाचतो कोण?

सातरस्ता:
भांडुपकर, आपल्या जनगणनेत मालवणी कोकणीखाली मोजतात. आता भांडा! बेल्जियममध्ये फ्रेंच-डच वाद इतका पेटला की १९४७ नंतर जनगणनेत भाषा विचारणंच सोडून दिलं.

लालबागची_नात, एक सांगतो. फ्रेंच त्या बाईच्या आईवडिलांना युरोपात आल्यावर चिकटली असं नव्हे. १९६० मध्ये काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला तरी शाळा-कचेरीची भाषा फ्रेंचच राहिली. तुमच्या आईची पुस्तकी मराठी तशीच, शाळेतून घरात आलेली. आणि लिंगाला तरी मूळ घरची कशावरून? ती नदीवरच्या व्यापारात आणि बेल्जियनांच्या फौजेत पसरलेली भाषा. त्या बाईच्या आजीची भाषा वेगळीच असू शकते. विचारून बघा.

परळची_शमा:
मी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला होते. शेजारी रीफमधले, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले मोरोक्कन. घरात आमाझिग (बर्बर) बोली, पण शाळेत ‘मातृभाषे’चा तास असायचा तो अरबीचा! २००४ मध्ये सरकारने तो तासच बंद केला. त्यांच्या मुलाने मला हे हसत हसत डचमधून सांगितलं.

लालबागची_नात:
सातरस्ता, काल रात्री तिला व्हॉट्सअॅप केला. तिने आईला विचारलं. आजी किकोंगो बोलायची म्हणे, किन्शासात आल्यावर लिंगाला शिकली. ‘चाळीस वर्षांत मी हे विचारलंच नाही,’ असं लिहिलंय तिने.

मग मी आत्याला फोन लावला, तर म्हणते, ‘चेडवाक दे फोन.’ दिला. काय बोलणं झालं देव जाणे, पोरगी खिदळत होती. शनिवारी आत्याकडे जातोय. फॉर्मात मालवणी लिहिलंय, सध्या पेन्सिलने.

भांडुपकर:
पेन्सिल चालत नाही. निळं किंवा काळं पेन लागतं.