मदत हवी आहे: फोर्कचे प्रीलोड अ‍ॅडजस्टर स्वतः बनवलेत, पण तेल झिरपतंय

आडवापाना:
नमस्कार मंडळी, पाल्हाळ लावत नाही. मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कच्या टोप्यांना अ‍ॅडजस्टर नव्हते, म्हणून लेथवर स्वतः दोन टोप्या बनवल्या. मधोमध आटे पाडून दांडी घातली, १५ मिमी प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) कमीजास्त होतो. काम झकास झालं, पण दोन दिवस चालवल्यावर दोन्ही दांड्यांभोवती तेलाचा ओलावा. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बदलली, परत तेच. कुठल्या मटेरियलची ओ-रिंग टिकेल एवढंच सांगा. शनिवारी निघायचंय, तेव्हा 'कशाला हा उद्योग' छाप प्रतिसाद कृपया नकोत.

लेथकाका:
उद्योग केलात ते छानच. पण गाडी कुठली? फोर्क साधा डँपर रॉडचा की कार्ट्रिजचा? टोपी कशाची, दांडी कशाची, ओ-रिंग किती जाडीची, खाच किती खोल? यातलं एकही न सांगता फक्त मटेरियल विचारताय. फोटो टाका.

निवांत_स्वार:
मुळात प्रीलोडने फोर्क कडक होत नाही हे लोकांना कधी कळणार? स्प्रिंग ०.७ किलो प्रति मिमीची असेल तर प्रीलोड १० ठेवा नाहीतर २५, पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला ती ०.७ किलोच मागणार. गाडी फक्त उंच बसते. ब्रेक मारल्यावर नाक खुपसत असेल तर स्प्रिंग बदला.

आडवापाना:
@निवांत_स्वार नाक खुपसतं असं मी कुठे लिहिलंय? एकटा बसलो की सॅग (वजनाने फोर्क दबतो तो) ३५ मिमी मिळतो. टँकबॅग लावली आणि मागे बायको बसली की ४२ वर जातो. तेवढे सात फेरे दिले की काम झालं. तेल कसं थांबवू ते सांगा.

तिसरा_गियर:
एवढ्यासाठी लेथ? मी वर्षानुवर्षं पीव्हीसी पाइपचे तुकडे वापरतोय. स्प्रिंगवर वॉशर, त्यावर पाइप, वर टोपी. प्रीलोड वाढवायचा तर ५ मिमी लांब तुकडा कापायचा. गळायला जागाच नाही.

आडवापाना:
म्हणजे बायको बसली की टोपी उघडायची आणि उतरली की परत उघडायची?

तिसरा_गियर:
बायकोला सवय होते.

वंगणदास:
फोर्कमध्ये तेल १० नंबरचं असेल तर काढून १५ घाला. जाड तेल झिरपत नाही. माझ्या तिन्ही गाड्यांत १५ आहे.

लेथकाका:
@वंगणदास जाड तेलाने डँपिंग (फोर्कची उसळी आवरणं) बदलतं, गळती थांबत नाही. फोर्क दबला की वरची हवा दाबली जाते आणि तेलाच्या तुषारांसकट वाट शोधते. तेल कुठल्याही नंबरचं असो, वाट मोकळी असली की बाहेर येणारच.
धागाकर्ते, दांडी पूर्ण बाहेर निघू नये म्हणून काही अडवायला ठेवलंय का? माझ्या पहिल्या अ‍ॅडजस्टरला नव्हतं. पाना फिरवत गेलो, शेवटचा आटा सुटला आणि दांडी उडून चष्म्याच्या काडीवर बसली. पाठोपाठ तेलाची पिचकारी. स्प्रिंग जेमतेम २० मिमी दाबलेली होती, म्हणजे १४ किलोचा रेटा. दोन इंच इकडे असती तर आज एका डोळ्याने टाइप करत असतो.

शंकासुर:
दोन्ही बाजूंना अ‍ॅडजस्टर कशाला? एकाच नळीत करा, निम्मी गळती तिथेच थांबली.

निवांत_स्वार:
आणि फोर्क वाकडा होऊ द्या.

शंकासुर:
वाकडा का होईल? नळ्या खाली अ‍ॅक्सलने आणि वर टी-प्लेटने बांधलेल्या असतात, दोन्ही स्प्रिंगांची बेरीज मोजायची. शोवाच्या सेपरेट फंक्शन फोर्कमध्ये स्प्रिंग एका नळीत आणि डँपिंग दुसरीत असतं. त्या गाड्या काय तिरक्या चालतात?

लेथकाका:
तत्त्व बरोबर आहे. पण ते फोर्क त्याच हिशेबाने घडवलेले असतात. बारीक अ‍ॅक्सलच्या जुन्या गाडीत फरक ठेवायचाच तर थोडा ठेवावा. असो, हा वाद नंतर.

मोनोशॉक:
अवांतर: माझ्या मागच्या शॉकअपची प्रीलोड रिंग जाम झालीय, सी-पाना घसरतोय. उपाय?

लेथकाका:
@मोनोशॉक वेगळा धागा काढा.

आडवापाना:
घ्या तपशील. जुनी जपानी गाडी, ३७ मिमीचा फोर्क, साधा डँपर रॉडचा, प्रवास १२० मिमी. टोपी ६०६१ अ‍ॅल्युमिनियम, दांडी स्टेनलेसची, एम १० आटे, पिच १ मिमी, म्हणजे एक फेरा एक मिलिमीटर. ओ-रिंग नायट्राइलची, २ मिमी जाडीची. दांडीवर तिच्यासाठी १.६ मिमी खोल खाच. अडवायला काही नाही, मी फेरे मोजतो.
आणि हो, दोन्ही वेळा ओ-रिंग काढली तेव्हा खाचेत काळी भुकटी होती. ती पुसून टाकली.

लेथकाका:
भुकटी! हे पहिल्याच वाक्यात यायला हवं होतं. ओ-रिंग ज्या भोकात वरखाली होते ते गुळगुळीत आहे की तिथेही आटे आहेत?

आडवापाना:
टॅप आरपार घातलाय. वरपासून खालपर्यंत आटेच आहेत. का?

लेथकाका:
मग ती ओ-रिंग नाही, खिसणीवर धरलेलं गाजर आहे. प्रत्येक फेऱ्याला आट्यांच्या धारेवर सोलली जातेय. शिवाय आटा म्हणजे चक्री जिन्यासारखी वर जाणारी वाट, तेल त्यातून आरामात चढतं. १.६ खाच आणि २ ची रिंग म्हणजे २० टक्के दाब, तो ठीक आहे. नायट्राइलही ठीक. मटेरियलचा दोष नाहीच.
दांडी दोन टप्प्यांची करा. वर एम १० चे आटे, खाली १४ मिमीचा गुळगुळीत भाग, आणि ओ-रिंगची खाच त्या जाड भागाच्या वरच्या टोकाजवळ. टोपीलाही वर आटे आणि खालून १४ मिमीचं रीमर मारलेलं (गुळगुळीत केलेलं) भोक, २० मिमी खोल. त्याहून उथळ केलंत तर १५ फेरे आत दिल्यावर रिंग भोकातून खाली निसटेल. दांडी खालून घालायची. जाड भाग आट्यातून वर येऊच शकत नाही, म्हणजे ती उडण्याची भानगडही मिटली. वरच्या टोकाला पान्यासाठी ८ मिमीचे दोन सपाट भाग घासा आणि फार आत जाऊ नये म्हणून एक बारीक सर्कलिप (खाचेत बसणारी कडी) लावा.
टोपी खाली जितकी लांब होईल तितका स्पेसर (स्प्रिंगवरचा पाइप) कापायचा, नाहीतर प्रीलोड आपोआप वाढून बसेल. स्पेसरच्या वर ३ मिमीचा जाड वॉशर हवा, नाहीतर १४ मिमीची दांडी पाइपच्या पोकळीतच शिरेल. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत अँटी-सीझ वंगण लावा, कोरडे फिरवलेत तर एक दिवस चिकटून बसतील.

शिकाऊ_टर्नर:
टोप्या हार्ड अ‍ॅनोडाइझ करणार (कडक थर चढवणार) असाल तर आटे आधी मोठे ठेवा. ५० मायक्रॉनचा थर दिला तर निम्मा, म्हणजे २५ मायक्रॉन, बाहेर वाढतो, आणि पिच व्यासात (आट्यांच्या मध्यावरच्या व्यासात) त्याच्या चौपट, म्हणजे ०.१ मिमीचा फरक पडतो. पिच १ ला दांडी आतच जाणार नाही.

आडवापाना:
अ‍ॅनोडाइझ करणार नाहीये, तरी धन्यवाद.

निवांत_स्वार:
@लेथकाका दांडी तर आता वर १५ मिमी बाहेर येईल. हँडलला लागणार नाही का?

आडवापाना:
जागा भरपूर आहे.

तिसरा_गियर:
उघडताना आधी टी-प्लेटचा क्लँप बोल्ट सैल करा, पुढचं चाक अधांतरी ठेवा आणि टोपी हाताने दाबून धरा. पीव्हीसीवाल्यांना हे रोज करावं लागतं म्हणून सांगतोय.

आडवापाना:
नव्या टोप्या बसवल्या. काल ८० किमी फिरलो, खड्डे शोधून शोधून घेतले. टोप्या कोरड्या, बोट फिरवून पाहिलं. भुकटी नाही. लेथकाका, मानलं.
फक्त दांडी पूर्ण बाहेर काढली की हँडलला लागते. ५ फेरे आत असतील तरच हँडल बसतं.

निवांत_स्वार:
जागा भरपूर होती ना?

लेथकाका:
स्पेसर ५ मिमीने कमी करा. वरचे ५ फेरे गेले समजा, उरतात १०. तुम्हाला लागतात ७.

मोनोशॉक:
माझ्या रिंगचं कोणी काही सांगणार आहे का?