बर्गसाँ, कांगिलेम, फुको: ह्यांचं ‘जीवन’ म्हणजे नेमकं काय?

खानापूरचा वाचक:
नमस्कार मंडळी. एमएला फिलॉसॉफी घेतलंय, सध्या फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँचं १९०७ चं क्रिएटिव्ह इव्होल्यूशन वाचाय लागलोय, त्यातलं ते एलान व्हिताल, म्हणजे जीवनाला पुढं ढकलणारा जोर, काय डोक्यात शिरंना झालंय. पेशी, जीन्स हे सगळं बायॉलॉजीवाले सांगतात की, मग फ्रान्स-जर्मनीतल्या ह्या लोकांनी जीवन हा विषय धरून एवढं का लिहिलं? वर्गातला एकजण म्हणतो हा आत्माच आहे, नाव तेवढं बदललंय. तसंच आहे काय? कोणतरी नीट सांगा.

चिकोडीचे सर:
तसं नाही बाळ. आत्म्याच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे जर्मन जीवशास्त्रज्ञ ड्रीश. त्यानं १८९१ मध्ये सी-अर्चिन ह्या समुद्रातल्या काटेरी प्राण्याच्या भ्रूणाच्या पहिल्या दोन पेशी वेगळ्या केल्या, तर अर्धी अर्धी नव्हे, दोन्हीकडनं छोटी पण पूर्ण अळी तयार झाली, त्यावरून पुढं तो म्हणाला आत काहीतरी एन्टेलेकी, म्हणजे जीवाला घडवणारं अदृश्य तत्त्व, असणार. बर्गसाँ उलट स्वतःच लिहितो की जीवनतत्त्व म्हटल्यानं फारसं काही उलगडत नाही, आपल्या अज्ञानावर लावलेली ती चिठ्ठी आहे. त्याचा जीव अडकलाय वेळेत. त्याचंच उदाहरण, साखरपाणी प्यायचं तर साखर विरघळेपर्यंत थांबावंच लागतं. गणितातला टी, म्हणजे वेळ, कितीही पळवा, समीकरण तेच राहतं, पण हे थांबणं कमी करता येत नाही. वाढणारा, म्हातारा होणारा जीव असाच मागचं सगळं घेऊन पुढं जातो. हे धरून परत वाच.

निपाणीची लॅबवाली:
मी फ्रेंच तत्त्वज्ञ कांगिलेम वाच म्हणेन. फिलॉसॉफी शिकवता शिकवता डॉक्टरकी शिकला, नॉर्मल आणि पॅथॉलॉजिकल हा त्याचा १९४३ चा मेडिकलचा थिसिस. आमच्या प्रत्येक रिपोर्टवर नॉर्मल रेंज छापलेली असते आणि पेशंट ती बघूनच घाबरतात, म्हणून मला हे पुस्तक फार जवळचं. त्यात एक आया आहे, बीपी कमी, पण रोजच्या कामाला काही त्रास नाही, सुट्टीत डोंगरावर नेली तेव्हा त्रास सुरू झाला. मग ती आधी नॉर्मल होती की नव्हती? तो म्हणतो सरासरीवरून हे ठरतच नाही, परिस्थिती बदलली की नवा नियम बसवता येणं म्हणजे आरोग्य, आणि आजारी माणसालाही नियम असतो पण तो एकच, त्यातनं जरा हललं की मोडतं. दगडाला बरं-वाईट काही नसतं, जीवाला असतं. आणि कुणालातरी दुखलं म्हणूनच डॉक्टरकी सुरू झाली, नुसत्या पेशी बघून नव्हे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथंच आहे.

कोगनोळीकडचा:
फ्रेंच विचारवंत फुकोला सोडू नका. १९७६ च्या लेक्चर्समध्ये तो म्हणतो, राजाची सत्ता मारायची किंवा जगू द्यायची, आधुनिक सत्ता जगवते आणि मरू देते. जन्म, मृत्यू, साथी, सगळं मोजून. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगसाठी आला आणि कोरोनात परत निघाला. २०२१ ला आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या नाक्यावर आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवल्याशिवाय पुढं सोडत नव्हते, माणूस धडधाकट आहे का हे कोण बघतंय. कांगिलेमचं नॉर्मल ते हेच ना ताई?

निपाणीची लॅबवाली:
नाही दादा, इथंच गल्लत होते. कांगिलेमचा नियम जीव आपल्या आतनं बसवतो, फुकोचा लोकसंख्येवर बाहेरनं बसवला जातो. फुकोनं कांगिलेमकडनंच हे घेतलं, त्याच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावनाही त्याचीच आहे. पण साथीत बाहेरचा नियम लागतोच, धडधाकट माणूसही रोग पसरवतो. फक्त तो नियम म्हणजेच जीवन असं धरलं की रिपोर्ट नॉर्मल आलेल्या पेशंटला कोण विचारत नाही, तुला होतंय तरी काय.

खानापूरचा वाचक:
सर, ताई, दादा, खूप आभार. आधी कांगिलेम घेतो. आयाचा भाग नेमका कुठल्या प्रकरणात आहे, ताई?